सयाम कोणाले मानवते

सयामबाईला राग आला की ती हसायची. जितका राग मोठा तितकं हसू मोठं. कापसाच्या जिनाच्या फाटकावरच्या चौकीदारानं एकदा तिला "ए बुढी, बाजूला हो" म्हटलं, तर ती त्याच्याकडे बघून इतकी गोड हसली की तो बिचारा दिवसभर खुशीत होता. दुसऱ्या दिवसापासून साहेबाच्या बंगल्यावरून त्याला मिळणारा दहाचा चहा बंद झाला. का बंद झाला, हे त्याला सीझन संपेपर्यंत कळलं नाही.

हे हसणं ती सयामातून शिकून आली होती. पेपरात आता थायलंड लिहितात, ती शेवटपर्यंत सयामच म्हणायची. तिचं खरं नाव सरूबाई. कामठीच्या छावणीत एका गोऱ्या कुटुंबाकडे ती आया होती. त्या साहेबाला सयामात सागवानाच्या कंपनीत नोकरी लागली आणि मडमेनं पोरांबरोबर हिलाही नेलं. दुसऱ्या लढाईच्या आधीची नऊ वर्षं ती तिकडे होती. मडम पोरांना घेऊन विलायतेला गेली तेव्हा हिला एक चिठ्ठी आणि रेल्वेचं तिकीट देऊन परत पाठवलं. पुढे हिंगणघाटजवळच्या एका जिनात, साहेबाच्या बंगल्यावर, तिला काम मिळालं. त्याच जिनाच्या दवाखान्यात मी नर्स होते. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट, आयोडिनची बाटली आणि मी.

मी वर्ध्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी. नर्सिंग शिकले म्हणून अर्ध्या नात्यानं नाकं मुरडली होती. तोंडानं फटकळ, हे मी मान्य करते. आज बोरगाव मेघेत पोराच्या घरी बसून हे सांगते तेव्हा नातसुना म्हणतात, आजी, इतक्या वर्षांचा राग कशाला धरून ठेवायचा, प्रकृतीला चांगला नसतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे.

दुपारच्या सुट्टीत जिनातल्या बाया सयामबाईभोवती भाकरी सोडून बसत, आणि फिरून फिरून एकच प्रश्न निघे. गोरा माणूस इथे राज्य करून गेला, तिकडे आपल्या मर्जीनं राहायला जातो, मग त्याला तिथे मानवतं का? सयामबाई यावर मोठ्या अधिकारानं बोलायची. "ज्याले खाली बसता येते त्याले सयाम मानवते," ती म्हणायची. "गोऱ्याचा गुडघा वाकत नाई. तो खुर्ची संगं घेऊन जाते न खुर्चीवरच बसून राह्यते. दहा वर्सं राह्यला तरी त्यानं सयाम खुर्चीवरूनच पायलं."

मग एकेका साहेबाचा हिशेब ऐकायला मिळायचा. एकजण दुपारच्या आधीच बाटली उघडायचा. एकाची बायको पहिल्याच पावसाळ्यात माहेरी गेली ती आलीच नाही. एकजण टेबलावर पाय ठेवून नोकरांना हुकूम सोडायचा. तिकडे कुणाकडे पाय करणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं, पण त्याला हे कुणी सांगितलं नाही, कारण तिकडचे लोक तोंडावर नाही म्हणतच नाहीत, हसतात. साहेबाला वाटायचं हो म्हणाले. सहा महिन्यांनी कळायचं की काम झालेलंच नाही. आणि एकच साहेब असा होता, जो होडी वल्हवायला शिकला, हातानं भात खायला शिकला, तिकडचीच बायको करून नदीकाठच्या लाकडी घरात मांडी घालून बसला. "सुखी होता त तोच होता," सयामबाई सांगायची, "पण बाकीचे गोरे त्याले आपल्यात मोजत नव्हते."

तुम्हांला मानवलं का, असं मी तिला एकदा विचारलं. तेव्हा आम्ही दोघीच होतो. तिनं सयामातल्या शेजारच्या बंगल्यावर काम करणाऱ्या चंपाबद्दल सांगितलं. हे नाव तिकडेही असतं. सयामबाई तिथे पोचली त्या दिवशी या चंपानं स्वतःच्या रांजणात वाटी बुडवली आणि तिच्या हातात दिली. सयामबाई वाटी धरून उभीच. आपल्या गावात विहिरीपासून दहा हात लांब उभं राहून, कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायची सवय. चंपाला वाटलं, पाणी गढूळ आहे की काय, म्हणून तिनं त्यातलाच एक घोट स्वतः पिऊन वाटी परत दिली. "नऊ वर्सं मले कोणी जात नाई इचारली, नरसबाई," ती म्हणाली. "येताना चंपाले सांगून आली, मी परत येतो म्हणून. मले तिथं मरायचं हाय."

हे ऐकताना मला मान वर करता येईना. तीन वर्षं मी तिच्या शेजारी काम करत होते, आणि तिच्या हातचं पाणी मी एकदाही प्यायले नव्हते. माझा गडू वेगळा, कपाटावर झाकून ठेवलेला. तिनं कधी विषय काढला नाही. ती माझ्याकडे बघून पुष्कळदा हसायची, आणि मला वाटायचं की मी तिला आवडते.

छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. सयामबाई गेली, तिच्याबरोबर तिची भाची वेणूही गेली. बहीण वारल्यावर वेणूला तिनंच वाढवलेलं. आणि परत आल्यावर गंमत अशी झाली की आजवर जिला लोक 'सयामची फुशारकी मारते' म्हणून हसत होते, तिच्या दारात माणसं येऊ लागली. बौद्ध लोक सकाळी काय करतात, भिक्खूला भात कसा वाढायचा, बाईनं वाढलेलं चालतं का. सगळ्या वस्तीत बुद्धाचा देश पाहून आलेली ती एकटीच होती. ती सांगायची, भात वाढताना जोडे काढायचे, भिक्खूहून उंच जागी उभं राहायचं नाही. वस्तीत साक्षरतेचा वर्ग सुरू झाला, त्यात वेणू जायला लागली. एकोणीस वर्षांची पोर, महिनाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवत होती. दवाखान्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवायची, मी पुसायची, ती पुन्हा लिहायची.

आता साहेबाबद्दल. ह्या माणसाबद्दल चांगलं काही सांगायचं झालं तर तो वेळेवर यायचा. जिन एका विलायती कंपनीचं होतं आणि हा तिचा शेवटचा गोरा मॅनेजर. त्याला रोगाची फार भीती. पिण्याचं पाणी दोनदा उकळायचं, आंघोळीचंही उकळायचं, फळं लाल औषधात धुवायची. कामगार त्याला उकळेसाहेब म्हणत. स्वतःच्या पायाचं नखुरडं झालं तर मला दिवसातून दोनदा पट्टी बदलायला बोलवायचा. आणि ज्या यंत्रांवर पन्नास बाया दिवसभर काम करत होत्या, त्या यंत्रांच्या जाळ्या त्यानं काढून ठेवायला लावल्या होत्या.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. रेचा फिरवणारा चामड्याचा पट्टा बाईच्या कोपराजवळून जातो, म्हणून त्यावर लोखंडी जाळी असते. जाळीत रुई अडकते, ती काढायला यंत्र थांबवावं लागतं, आणि तेवढा वेळ जातो. त्या वर्षी कापूस अमाप आला होता. साहेब म्हणाला, जाळ्या काढा, सीझन संपल्यावर लावू. पौषात एका सकाळी वेणूचा पदर पट्ट्यात गेला. पदर सोडवायला तिनं उजवा हात घातला. अंगठा तेवढा राहिला.

मी पट्टी बांधली, बैलगाडीतून तिला हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी परत येऊन अपघाताच्या रजिस्टरात लिहिलं की पट्ट्यावरची जाळी साहेबांच्या हुकुमानं काढलेली होती, कामगाराची चूक नाही. दुसऱ्या दिवशी साहेबानं मला बोलावून सांगितलं की असं लिहायचं नसतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहा. मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते पान रजिस्टरात नव्हतं, आणि नव्या पानावर ऑफिसातल्या हेडबाबूच्या वळणदार अक्षरात निष्काळजीपणा लिहिलेला होता. जाळ्या रातोरात परत लागल्या होत्या. मी गाढव नव्हते. साहेबानं बोलावलं त्याच संध्याकाळी मी सगळी हकीकत कागदावर उतरून नागपूरला फॅक्टरी इन्स्पेक्टरला टपालानं पाठवली होती. तिकडून उत्तर आलं की इन्स्पेक्टर दौऱ्यावर फाल्गुनात येतील.

आणि मधल्या काळात उकळेसाहेबाला सयामातून बोलावणं आलं. एका भाताच्या गिरणीवर मॅनेजरची जागा, ताबडतोब या. इथला त्याचा करार संपतच आला होता. तो गेला असता तर इन्स्पेक्टरनं कुणाला विचारायचं? हेडबाबू म्हणाला असता, मला काय ठाऊक, साहेब गेले. रजिस्टरातलं खोटं पान खरं ठरलं असतं आणि वेणू जन्मभर स्वतःच्या चुकीनं हात घालवलेली पोर म्हणून राहिली असती. माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली होती.

त्यातच साहेबानं सयामबाईला सांगितलं, तुला तिकडची माहिती आहे, तू माझ्याबरोबर चल, स्वयंपाकघर सांभाळ. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर सयामबाईनं आपली पत्र्याची ट्रंक झटकून अंगणात उन्हात ठेवली होती आणि ती हसत होती.

मी तिला वाट्टेल ते बोलले. ज्यानं तुमच्या पोरीचा हात खाल्ला त्याचा भात शिजवायला जाता का, म्हणाले. लाज वाटत नाही का, म्हणाले. वेणू दारात बसून ऐकत होती, बांधलेला हात मांडीवर धरून. सयामबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून आणखी हसली. इतकी वर्षं तिच्याबरोबर काम करूनही ते हसणं मला कळलं नाही. मी पाय आपटत निघून आले.

दोन दिवसांनी सकाळी साहेबाची पट्टी बदलायला मी व्हरांड्यात बसले होते. तो आरामखुर्चीत, पाय लांब करून. सयामबाई चहा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला थांबवलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम सयाम में था. सच बोलो. हमको जमेगा?"

माझा हात त्याच्या पायावर थांबला. हिनं नुसतं 'जमेल' म्हटलं असतं तर आठ दिवसांत ती बोटीत बसली असती. चंपा, तो रांजण, ती नदी, सगळं परत मिळालं असतं. सयामबाईनं ट्रे खाली ठेवला, हात पुसले आणि चेहरा उजळून हसली. एवढी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. एक शब्द खोटा नाही, आणि एक शब्द कमी नाही. पाऊस चार चार महिने, गादीला बुरशी. गवतातून चाललं की जळवा मोज्याच्या आत. मच्छरदाणीला एवढंसं भोक पडलं तरी ताप. नदीतच लोक आंघोळ करतात, त्यातच भांडी घासतात, तेच प्यायचं. डॉक्टर तीन दिवसांच्या वाटेवर. साहेबानं पाय खुर्चीवरून खाली घेतले. शेवटी तिनं गोऱ्यांच्या कब्रस्तानाचं सांगितलं. मडमेबरोबर ती दर रविवारी तिथे फुलं ठेवायला जायची. मडम थडग्यांवरचं वाचून दाखवायची, ते हिला पाठ झालं होतं. बोटांवर मोजत ती एकेकाचं वय सांगू लागली, "बाईस साल, साब. छब्बीस साल. ये इकतीस का, ये तो आया और दो महिने में गया." आणि प्रत्येक वयाला हसत होती. साहेबाला वाटलं, म्हातारी जुन्या आठवणींनी सुखावली आहे. तो मान हलवत तिला थँक्यू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सयामला नकाराची तार गेली, आणि त्यानं इथल्याच कंपनीचा आणखी एका वर्षाच्या करारावर सही केली. हेडबाबूनंच येऊन सांगितलं. मी धावत सयामबाईच्या घरी गेले. ट्रंक आत गेली होती, तिच्यावर वेणूची पाटी ठेवलेली. तुम्हांला जायचं होतं ना, एवढंच मी विचारू शकले.

"होतं," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "रोज जायचं होतं. पण तो पळाला असता. आता थांबला तो. आता पुढचं तुय काम हाय, नरसबाई. चुकशील नको."

चुकले नाही. फाल्गुनात इन्स्पेक्टर आले तेव्हा मी सगळं त्यांच्यासमोर सांगितलं, साहेब बसलेला असताना, त्याच्या तोंडाकडे बघून. रेच्यावरच्या बायांनी सांगितलं, जाळ्या कधी निघाल्या आणि कधी लागल्या. वेणूच्या जबानीखाली अंगठा घ्यायला हेडबाबूनं शाईचं पॅड पुढे केलं. वेणूनं ते बाजूला सारलं, डाव्या हातात टाक धरला आणि स्वतःचं नाव लिहिलं. फार वेळ लागला. ऊकार उलटा आला. इन्स्पेक्टर घड्याळ न बघता थांबले, ह्याबद्दल त्यांना माझा आजही नमस्कार.

महिन्याभरात कंपनीनं साहेबाला काढलं. सयामची जागा तोवर भरली होती. तो विलायतेला परत निघाला तेव्हा हिंगणघाट स्टेशनवर त्याचा जेवणाचा डबा पोचवायचं काम सयामबाईचंच होतं. मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. तिनं खिडकीतून डबा दिला, उकळलेल्या पाण्याची बाटली दिली, आणि गार्डनं शिट्टी दिल्यावर म्हणाली, "साब, सयाम बहुत अच्छा है. हम नौ साल रहे. एक दिन बुखार नहीं आया."

त्याचा चेहरा मी पाहिला. गाडी हलली तरी तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. घरी येताना वणा नदीच्या काठावर आम्ही दोघींनी गुळशेंगदाणे खाल्ले.

पुढच्या वर्षी वस्तीत एक भन्ते आले. झाडाखाली बसून त्यांनी क्षमेवर प्रवचन दिलं. कुणीतरी त्यांना आमची हकीकत आधीच सांगितलेली असावी, कारण बोलता बोलता ते सयामबाईकडे बघून म्हणाले, की माई, राग सोडावा, माफ करावं. सयामबाई जोडे काढून, त्यांच्याहून खाली, गुडघे मोडून बसली होती. ती हात जोडून म्हणाली, "भन्तेजी, माफी द्यायले मी तयार हाय. मागायले येऊ द्या त्याले." भन्त्यांनी पुढचं प्रवचन सुरू केलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून मी तिच्या दारात गेले आणि माझ्या गडूबद्दल तिची माफी मागितली. तीन वर्षांचं सगळं बोलले, रडले. तिनं पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. "देल्ली माफी," म्हणाली, आणि माठातून पेला भरून माझ्यापुढे धरला. मी तो उभ्यानंच संपवला.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात तिला काविळीनं गाठलं. मी तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात होते, निरोप येताच सुट्टी टाकून आले. वेणू डाव्या हातानं तिला पंख्यानं वारा घालत होती. सयामबाई ओळखू येत नव्हती, डोळे पिवळे, हात काटकीसारखे. मला बघून तिनं उशाशी बसायला जागा केली. काही हवं का, विचारलं तर मान हलवली. सयाम आठवतं का, विचारलं तर म्हणाली, "चंपा वाट पाहून पाहून थकली असन." मग तिनं माझा हात धरला.

"मले झोप येऊन राह्यली," ती म्हणाली. "तो माफी मागायले आला त मले उठवजो."

उठवीन, म्हटलं. दुपारभर मी तिथेच बसले, दाराकडे तोंड करून. कोणी आलं नाही.